दुर्मिळाचा सोस

गेल्या हिंवाळ्यांत शिरपुरांतील आमच्या एका स्नेह्यांकडून आम्हांस मोठ्या अगत्याचें बोलावणें आलें. निमित्त लग्नमुंजीचें नव्हतें. त्यांच्या परसांतील एका झाडाला प्रथमच फळ धरलें होतें आणि तें पाहावयास चार मंडळींनीं यावें, अशी त्यांची इच्छा होती. हिरव्या जाळीच्या मांडवाखालीं अकरा मोठाल्या कुंड्या ओळीनें मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवरच्या पितळी पट्टीवर नांव कोरलेलें होतें : सबारा, पाउलिस्ता, ब्रांका, राजादा, ग्रीमल आणि अशींच आणखी कांहीं. अकराही कुंड्यांत एकाच फळाच्या निरनिराळ्या जाती होत्या. त्या फळाचें नांव जाबुटिकाबा. त्यांतील एका झाडाच्या खोडालाच चिकटून, उंबराला उंबरें लागावींत तशीं, काळींभोर टपोरीं फळें लागलीं होतीं. यजमानांनीं तीं मोजून ठेवलीं होतीं, एकंदर तेवीस. त्यांपैकीं एकेक फळ आम्हां सहा पाहुण्यांच्या हातावर तीर्थासारखें ठेवण्यांत आलें. फळ खरोखरच उत्तम होतें. दातानें साल फोडली कीं आंतला पांढुरका गर जिभेवर उतरतो. गोडी द्राक्षाची, तिला किंचित् आंबटपणाची कड, आणि सालींत जांभळाची आठवण करून देणारा तुरटपणा.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. पण आमच्याबरोबरच्या एका बाईंनीं तोंडांतील बी रुमालांत घेऊन, "ही आम्ही आमच्या दारीं लावूं का?" असें सहज विचारलें, तेव्हां यजमानांचा चेहरा पालटला. त्यांनीं हंसत हंसतच, पण तळहात पुढें करून, ती बी परत मागितली आणि ते म्हणाले, "सगळ्यांच्याच दारीं झाली, तर मग दुर्मिळ काय राहिलें?"

हें वाक्य आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. आमचे स्नेही कृपण नाहींत. दारीं आलेल्याला जेवल्याखेरीज परत जाऊं न देणारें तें घर आहे. अशा उदार माणसालाही एका बीसाठीं हात पुढें करावासा वाटला, हाच आमच्या मतें विचार करण्यासारखा प्रकार होय. आणि हा प्रकार त्यांच्या एकट्याचा नाहीं. फळझाडांच्या दुर्मिळ जाती जमविण्याची हौस आज सुशिक्षित घरांतून वाढत चालली आहे. केरळ-कर्नाटकांतील रोपवाटिकांतून खानदेशापर्यंत रोपें येत आहेत. ही हौस वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सोन्याचे दागिने किंवा मोटारी जमविण्यापेक्षां झाडें जमविणारा माणूस आम्हांस केव्हांही अधिक प्रिय. आमचें भांडण आहे तें दुर्मिळपणालाच गुण समजणाऱ्या वृत्तीशीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, झाडाची जात जपणें म्हणजे ती वांटणें होय. जो वांटीत नाहीं तो जपत नाहीं. तो केवळ अडवून धरतो.

प्रथम या फळाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. जाबुटिकाबा मूळचें ब्राझिल देशाच्या आग्नेय भागांतलें. कुळ जांभळाचें, पेरूचें आणि लवंगेचें. म्हणजे दूरचें असलें तरी तें आपल्या जांभळाचें भाऊबंदच. त्याच्या नांवाची फोड करतांना, तेथील आदिवासींच्या तुपी भाषेंत कांसवाला जें नांव आहे तें त्यांत दडलें आहे, असें सांगतात. झाड अतिशय संथ वाढीचें. बीपासून केलेल्या झाडाला फळ येण्यास आठ ते पंधरा वर्षें लागतात. लाल म्हणून प्रसिद्ध असलेली संकरित जात मात्र तीनपांच वर्षांत फळते, म्हणून उतावळ्या हौशी लोकांचा तिच्यावर डोळा. सबारा ही जात मिनास जेराइस प्रांतांतील त्याच नांवाच्या गांवावरून ओळखली जाते. फळ लहान, साल पातळ आणि गोडी सर्वांत वरची. ब्रांका पिकल्यावरही फिकट हिरवीच राहते. राजादाच्या सालीवर पट्टे असतात. फळ तोडल्यापासून तीनचार दिवसांतच आंबूं लागतें. त्यामुळें दूरच्या बाजारांत तें जाऊं शकत नाहीं, आणि जन्मभूमींतही तें मुख्यतः परसांतलें फळ म्हणूनच नांदत आलें आहे. सबारा गांवांत हंगामांत त्याचा उत्सव भरतो, आणि घरमालक परसांतलें झाड चक्क भाड्यानें देतात. कुटुंबच्या कुटुंब येतें, झाडाखालीं बसून पोट भरेपर्यंत फळें खातें आणि तृप्त होऊन घरीं जातें. ज्या मुलुखांत हें फळ जन्मलें तेथें तें तीर्थासारखें पळीनें वाढीत नाहींत, हें आमच्या स्नेह्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां आमच्या विरुद्ध उभे राहणारे दोन पक्ष आहेत, आणि ते एकमेकांचेही विरोधी आहेत. पहिला पक्ष म्हणतो, "हे परदेशी झाडांचे चोचले हवेतच कशाला? आपल्या देशांत फळें काय थोडीं आहेत?" ही मंडळी आम्हांस आपले समजून आमच्या पाठीवर थाप मारावयास येतील, म्हणून त्यांचा समाचार आधीं घेतलेला बरा. हें म्हणणारे गृहस्थ रात्रीं भाकरीबरोबर जें वांग्याचें भरीत खातात, त्यांतील मिरची कोठली? अमेरिकेची. त्यांत घातलेले शेंगदाणे कोठले? दक्षिण अमेरिकेचे. पेरू तर आपल्या नांवांतच परदेश मिरवितो. पपई अमेरिकेची, आणि प्रत्यक्ष सीतामाईचें नांव धारण करून देवापुढें बसणारें सीताफळही समुद्रापलीकडूनच आलेलें. 'काजू' आणि 'अननस' हे शब्द आपण मराठी म्हणून उच्चारतों. परंतु ते पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेले तुपी भाषेंतलेच शब्द होत. म्हणजे जाबुटिकाबा या नांवाचीं दोन सख्खीं भावंडें चारशें वर्षांपासून आपल्या घरांत वावरत आहेत, तिसरेंच तेवढें परकें कसें?

पोर्तुगीजांच्या गलबतांतून काजू आणि अननस आले, मग हें फळ मागें कां राहिलें, याचें कारणही त्याच्या स्वभावांतच सांपडतें. चार दिवसांत आंबणारें फळ आणि सुकतांच मरणारी बी. अशा प्रवाशाला महिनोगणती चालणारी समुद्रयात्रा सोसावी कशी? उलट दिशेनें मात्र आपला आंबा आणि आपला फणस ब्राझिलांत गेले आणि तेथें घरचे झाले. आपलें जांभूळही तेथें शहरांतील रस्त्यांच्या कडेला उभें आहे, आणि खालीं पडून मोटारी जांभळ्या करतें म्हणून शिव्याही खातें. अशा देवघेवींतूनच मनुष्यजातीचें ताट भरलें आहे. तेव्हां झाडाची जन्मभूमि विचारून त्याला दारांत घ्यावयाचें कीं नाहीं तें ठरविणें, हें आम्हांस मान्य नाहीं. स्वदेशीचें तें अपुरें ज्ञान होय.

याच पक्षाचा दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याला सरळ उत्तर दिलें पाहिजे. तो असा कीं, हें झाड शिरपूरच्या मातीचें नव्हे. हें खरें आहे. जाबुटिकाबाला किंचित् आम्ल, खोल, भुसभुशीत जमीन लागते आणि मुळांशीं ओल कायम लागते. तापीकांठच्या आमच्या काळ्या जमिनींत चुन्याचें प्रमाण अधिक. तींत त्याचीं पानें पिवळीं पडतात, कारण जमिनींत असलेलें लोहही त्याला घेतां येत नाहीं. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं त्याला सावली आणि रोजचें पाणी हवें. आणि शिरपूर तालुक्यांत पाणी म्हणजे काय, हें आम्हांस नव्यानें सांगण्याची गरज नाहीं. विहिरी कोरड्या पडल्या, कूपनलिका खोल खोल जात राहिल्या, तेव्हां २००४ सालापासून भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखालीं नाले खोल व रुंद करून, बंधारे बांधून, पावसाचें पाणी जमिनींत मुरविण्याचें काम झालें. 'शिरपूर पॅटर्न' या नांवानें तें सर्व महाराष्ट्रांत गाजलें. तें पाणी कष्टानें परत मिळविलेलें पाणी आहे.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, चार कुंड्या हौसेनें वाढवाव्या, शेणखत आणि पालापाचोळ्याचें खत घालून माती सुधारावी, स्वयंपाकघरांतलें भाजी धुतलेलें पाणी तिला द्यावें. यांत कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. परंतु एकराएकरानें लागवड करा, लाखांचें उत्पन्न निघेल, असें सांगून शेतकऱ्याला रोपें विकणाऱ्यांपासून सावध राहावें. चार दिवसांत आंबणारें फळ घेऊन तो कोणत्या बाजारांत उभा राहणार, याचें उत्तर त्या विक्रेत्यांनीं आधीं द्यावें. हौस ही हौस म्हणून शोभते. तिला धंद्याचा मुखवटा चढविला कीं दुसऱ्याचें घर बुडतें.

आतां दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या पक्षाकडे, वळूं. दुर्मिळपणा हा फळाचा गुण नव्हे. तो गोडींत नाहीं, रंगांत नाहीं, गरांत नाहीं. तो केवळ हिशेबाचा आंकडा आहे : इतक्यांकडे आहे आणि इतक्यांकडे नाहीं. ज्या वस्तूची किंमत दुसऱ्याकडे नसण्यांत आहे, तिच्या धन्याला दुसऱ्याच्या अंगणांत तें झाड मेलेलें ऐकून मनांतल्या मनांत बरें वाटूं लागतें. आणि हें कटु असलें तरी खोटें नाहीं. मग झाडांवर प्रेम करणारा म्हणून मिरविण्याचा त्याला अधिकार तो काय राहिला?

शिवाय जेथें दुर्मिळपणाला भाव येतो तेथें नांवाचा बाजार भरतो. याचा प्रसाद आम्हींही घेतलेला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका रोपवाटिकेंतून लाल जाबुटिकाबाचें म्हणून एक रोप आम्हीं चांगली किंमत मोजून आणलें. तीन उन्हाळे तें जपलें. आमच्या घरांतील लहान मुलें सुटींत त्याला ओंजळीनें पाणी घालीत. तिसऱ्या वर्षीं फुलें आलीं तीं खोडावर न येतां डहाळ्यांवर आलीं, आणि फळें धरलीं तीं भोपळ्यासारख्या रेघा असलेलीं, लहान, लाल, आंबट ! तें निघालें सुरिनाम चेरी. त्याच कुळांतलें, पण भलतेंच झाड. आम्ही तें उपटलें नाहीं, त्याच्या फळांचा मुरंबा बरा होतो. परंतु ध्यानांत आलें तें हें कीं, ज्या जातीचें झाड पंचक्रोशींत दुसरें नाहीं, तिची खात्री करणार कशी? पान कशाशीं ताडून पाहावें, फळ कशाशीं लावून बघावें? जात चारचौघांच्या अंगणांत असली तरच तिचें नांव खरें राहतें. एकट्याच्या कुंडींत राहिलेलें नांव पितळी पट्टीवर कोरलेलें असलें, तरी तें ऐकीव नांवच.

आणि बीच्या बाबतींत तर आमच्या स्नेह्यांनीं प्रत्यक्ष निसर्गाशींच वैर मांडलें आहे. सामान्यतः एका बींतून एकच रोप उगवतें आणि तें आईसारखें निघेलच असें नसतें. रायवळ आंब्याची कोय लावणाऱ्याला हें ठाऊक आहे. जाबुटिकाबाची गोष्ट निराळी. त्याची एकच बी पुष्कळदां चारसहा रोपें देते, आणि त्यांतील बहुतेक आईचेंच रूप घेऊन येतात. आठ आठ, दहा दहा वर्षें वाट पाहावयास लावणाऱ्या या झाडानें जणूं आपल्या संथपणाची भरपाई या औदार्यानें केली आहे. ज्या बीनें चार घरें उजळावीं ती ओल्या तळहातावर परत मागून घ्यावयाची, आणि ती सुकून मेली तरी चालेल पण शेजाऱ्याच्या दारीं उगवतां कामा नये असें म्हणावयाचें, हें कोणत्या वृक्षप्रेमांत बसतें?

कोणी म्हणेल, "एका बीवरून एवढें रामायण कशाला?" त्यांना आमचें उत्तर असें कीं, आज बहुतेकांच्या परिचयाचा असलेला हापूस आंबा पाहा. गोव्यांत पोर्तुगीजांच्या काळीं आंब्याला कलमें बांधण्याची कला फोफावली. मानकुराद, मुसराद, फेर्नांदिन अशा जाती तेथें नांवारूपास आल्या, आणि आफोन्सो द आल्बुकर्क याच्या नांवावरून ओळखला जाणारा हापूस तेथूनच कोंकणांत पसरला. हापूसचें प्रत्येक झाड हें दुसऱ्या हापूसच्या फांदीचें कलम. त्या फांदीमागें आणखी एक फांदी. अशी साखळी थेट पहिल्या झाडापर्यंत जाते. त्या पहिल्या झाडाच्या माळ्यानें जर "मग दुर्मिळ काय राहिलें?" असें म्हणून कुऱ्हाड घेऊन फांदी राखली असती, तर तें झाड म्हातारें होऊन कधींच पडलें असतें, आणि रत्नागिरी व देवगड हीं नांवें ऐकून कोणाच्या तोंडाला पाणी सुटलें नसतें. हापूस जगला तो वांटला गेला म्हणून.

दुर्मिळाच्या सोसाचा याहून भयंकर परिणाम एक आहे, आणि तो सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. जी जात देशांत कोणाकडेच नाहीं ती मिळविण्यासाठीं कित्येक लोक परदेशांतून बिया व फांद्या चोरून, कपड्यांच्या घड्यांत किंवा टपालाच्या पाकिटांत दडवून आणतात. परदेशांतून रोपें अगर बियाणें आणावयाचें तर परवाना आणि निरोगीपणाचा दाखला हवा, असा आपल्या सरकारचा २००३ सालचा वनस्पति-विलगीकरणाचा आदेश आहे. हौशी लोकांना तो कारकुनी जाच वाटतो. तो जाच कशासाठीं, तें ऐका. जांभूळ-पेरूच्या कुळावर पडणारा एक तांबेरा आहे. १८८४ सालीं ब्राझिलांतील पेरूवर त्याची शास्त्रीय नोंद झाली. कोवळ्या पानांवर हळदीसारखी पिवळी पूड दिसते, आणि मग शेंडे करपत जातात. जाबुटिकाबाही त्याला बळी पडतें. तो रोग २००५ सालीं हवाई बेटांवर पोंचला आणि तेथील गुलाबजांबाच्या झाडांचीं रानेंच्या रानें त्यानें उजाड केलीं. २०१० सालीं तो ऑस्ट्रेलियांत दिसला, २०१७ सालीं न्यूझीलंडांत. ऑस्ट्रेलियांत या कुळांतील कांहीं रानटी झाडें थोड्याच वर्षांत नामशेष होण्याच्या पंथास लागलीं.

आतां हें चित्र आपल्या मुलखावर ठेवून पाहा. खानदेशांत नदीनाल्यांच्या कांठीं उभीं असलेलीं जुनीं जांभळें, परसापरसांतले पेरू, कोंकणांतील लवंग. सगळें एकाच कुळाचें. जळगांवच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तसेंच पुढें पालघर जिल्ह्यांतील बहाडोलीच्या जांभळालाही मिळालें. त्या एका गांवाचा संसार जांभळावर उभा आहे. कोणा हौशी गृहस्थाच्या पितळी पट्टीवर बारावें नांव यावें म्हणून आणलेल्या चोरट्या फांदीनें हें सर्व पणाला लावावयाचें काय? ज्याला खरोखर नवी जात हवी आहे त्यानें परवान्याची वाट धरावी, उशीर सोसावा. दहा वर्षें फळाची वाट पाहणाऱ्याला दहा महिने कागदाची वाट पाहतां येत नाहीं, असें म्हणणें हास्यास्पद आहे.

आतां थोडें आपल्या घराकडे पाहूं. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशी आपली गत झालेली आहे. सबारा गांवाच्या नांवाची जात शिरपुरांत आली, हें उत्तम. पण आमच्याच खानदेशांत गांवाच्या नांवाची एक जात आहे, तिची वार्ता कोणी घेतो काय? जळगांवचें मेहरूण. तेथील तळें सर्वांस ठाऊक आहे. आणि तेथलें बोरही एके काळीं तितकेंच ठाऊक होतें. लांबट, टोकाशीं निमुळतें, गोड असें तें मेहरूणचें बोर हिंवाळ्यांत टोपल्यांतून येऊं लागलें कीं शाळेंतल्या पोरांचे खिसे फुगत. पुढें बाजारांत उमराणसारखीं मोठ्या आकाराचीं बोरें आलीं, शहर वाढलें, मळ्यांचे प्लॉट पडले आणि जुन्या बोरी तुटत गेल्या. मेहरूणच्या बोराची किंमत किती? कांहींच नाहीं. रानबोरीच्या खोडावर त्याचा डोळा भरला कीं झालें. पाण्याची मागणी नाहीं, सावलीची नाहीं, चुनखडीच्या जमिनीची तक्रार नाहीं. फुकट मिळतें म्हणून तें कोणाच्या संग्रहांत नाहीं. दुर्मिळ म्हणजे महाग, असें समीकरण एकदां मनांत बसलें म्हणजे डोळ्यांसमोर नाहींशी होणारी वस्तु दिसेनाशी होते, ती अशी.

शिरपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे. तेथें भिल्ल आणि पावरा लोकांच्या शेतांच्या बांधांवर रायवळ आंब्यांचीं जुनीं झाडें आहेत. प्रत्येक झाड कोयीपासून उगवलेलें. म्हणून प्रत्येक झाड ही एक स्वतंत्र जातच. कोणाचा आंबा शेपूसारखा वासाचा, कोणाचा केसाळ पण मधासारखा, कोणाचा आंबट म्हणून आमचुराला उत्तम. धडगांवकडचा आमचूर याच झाडांचा. अकरा जाती जमविल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं त्या डोंगरांत एक उन्हाळा हिंडून पाहावें. अकराशें जाती मोजतां मोजतां तो उन्हाळा संपेल, आणि त्यांपैकीं एकीचेंही नांव कोणत्या वहींत लिहिलेलें नसेल. त्यांतलें एक झाड वादळानें पडलें तर जगांतून एक जात गेली. आणि तिचें सुतकसुद्धां कोणाला नाहीं. दुर्मिळ हें, कीं ब्राझिलांत परसोपरसीं फळणारें सबारा?

आणि जाती जपणें हा नुसता शौकाचा विषय नव्हे, हें केळीच्या जिल्ह्यांतील लोकांना सांगावयास नको. एकाच जातीच्या, एकाच ठशाच्या रोपांनीं शिवारच्या शिवार भरलें म्हणजे एक रोग सर्वांना पुरतो. पूर्वीं जगाच्या बाजारावर राज्य करणारें ग्रो मिशेल नांवाचें केळें मर रोगानें १९६० च्या सुमारास व्यापारांतून उठलें, तें यामुळेंच. म्हणून संग्राहक हवेत, पुष्कळ हवेत. आमची तक्रार ते आहेत ही नसून, ते अर्धेंच काम करून थांबतात ही आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा : "आम्हीं पैसा ओतला, वर्षें घातलीं, फुकट कां वांटावें?" फुकट वांटा असें आम्ही म्हणत नाहीं. कलमाची रास्त किंमत घ्या, रोपाची घ्या. माळ्याचे कष्ट मोलाचेच आहेत. पण द्या. विकणें आणि अडविणें यांत अंतर आहे. दुसरा आक्षेप असा : "देशी जाती जपणें हें सरकारचें आणि विद्यापीठांचें काम." तें त्यांचें आहेच, परंतु २००१ सालच्या कायद्यानें शेतकऱ्यानें जपलेल्या वाणाची नोंद त्याच्या नांवानें करण्याची सोय करून ठेवली आहे. त्यासाठीं अर्ज लिहावा लागतो, झाडाचें वर्णन करावें लागतें, फळाचे दिवस टिपावे लागतात. पावरा शेतकऱ्याला हें कागदी काम अवघड. पाउलिस्ता आणि ब्रांका यांतला भेद तोंडपाठ असणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाला तें मुळींच अवघड नाहीं. आपली विद्या त्यानें थोडी इकडे वळवावी, नोंद त्या शेतकऱ्याच्याच नांवें करून द्यावी, आणि श्रेयाचा लोभ धरूं नये.

खानदेशच्या लोकांना वांटण्याचा महिमा समजण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत आणि घरांत काम करतां करतां त्या ओव्या रचीत आणि म्हणत; पुत्र सोपानदेव आणि इतर घरच्यांनीं ऐकल्या तशा त्यांतील कांहीं उतरून घेतल्या. १९५१ सालीं त्या वारल्या. पुढें सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ सालीं तें पुस्तक छापलें गेलें. न उतरलेल्या ओव्या बाईंच्याबरोबर गेल्या. उतरलेल्या आज महाराष्ट्राच्या घरोघरीं आहेत. सोपानदेवांनीं ती वही आईची आठवण म्हणून पेटींत जपून ठेवली असती, तर ती खरोखरीच दुर्मिळ राहिली असती; आणि महाराष्ट्र भिकारी राहिला असता.

म्हणून आमचें मागणें फार नाहीं. ज्याच्याकडे एखाद्या फळाची असाधारण जात आहे त्यानें ती निदान तीन घरीं द्यावी, म्हणजे एका घरची गेली तरी ती मरणार नाहीं. जी जात कोठून, कोणाकडून, कोणत्या सालीं आली तें वहींत लिहून ठेवावें, आणि नक्की ठाऊक नसेल तेथें मोठें नांव कोरूं नये. चोरट्या वाटेनें आलेल्या फांदीला आपल्या फाटकाच्या आंत घेऊं नये. आणि दर दूरदेशीच्या झाडामागें आपल्या तालुक्यांतील एक नाहींसें होत चाललेलें झाड लावावें. इतकें जो करील त्याच्या कुंडीवरची पितळी पट्टी आम्ही स्वतः घासूनपुसून देऊं.

आमच्या दारीं मेहरूणच्या बोराचें एक झाड आहे. वडिलांनीं रानबोरीवर डोळा भरून केलेलें. आषाढ-श्रावणांत डोळे भरण्याजोगे होतात. ज्याला हवे असतील त्यानें यावें, कातरी आमच्याकडे आहे. आणि आमच्या त्या स्नेह्यांनाही आमचें आग्रहाचें निमंत्रण आहे. त्यांनीं येतांना कांहींच आणूं नये. मात्र जातांना रिकाम्या हातानें जाऊं नये.